सगळ्या फाईल्सना चार अक्षरांचं शेपूट लागलंय, फोटो परत मिळतील का?

मधली_सुट्टी

मंडळी, घाईत लिहितेय, चुका पोटात घाला. परवा रात्री लॅपटॉपवर व्हिडिओ एडिटिंगचं एक सॉफ्टवेअर टाकायला गेले, आता खोटं कशाला बोलू, क्रॅक केलेलं होतं. झिपला पासवर्ड, आत सेटअप, आणि सोबत सूचना की अँटिव्हायरस बंद करून मगच चालवा. मी शहाणीने बंद केला. डबल क्लिक केलं तर काहीच उघडलं नाही, थोड्या वेळाने विंडोज अपडेटसारखी एक खिडकी आली, टक्केवारी हळूहळू पुढे सरकतेय, म्हटलं होऊ दे एकदाचं अपडेट आणि उठून कामाला लागले. परत येऊन बघते तर डेस्कटॉपवरच्या सगळ्या फाईल्सचे आयकॉन पांढरे, नावं तीच पण जेपीजीच्या पुढे अजून एक टिंब आणि कसलीतरी चार अक्षरं चिकटलेली. नावातून ती अक्षरं काढली तरी फोटो उघडत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची टेक्स्ट फाईल, तिच्यात ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे म्हणजे ४९०, आणि खाली माझा म्हणून एक लांबलचक आयडी.

मग वायफाय बंद केलं. आणि इथे दुसरा घोळ घातला, उरलंसुरलं तरी वाचवावं म्हणून एक्सटर्नल हार्डडिस्क जोडली, तर थोड्या वेळात तिच्यावरच्या फाईल्सनाही तेच शेपूट! तेव्हा ओढून काढली. त्यानंतर लॅपटॉप दोनदा रिस्टार्ट केलाय.

आत ११ वर्षांचे फोटो आहेत, मुलीचे लहानपणचे व्हिडिओ आहेत, आणि नवऱ्याच्या प्रबंधाच्या वर्ड फाईल्स. फोटोंचं त्याला सांगितलंय, प्रबंधाचं अजून नाही. एका डेटा रिकव्हरीवाल्याला फोन केला तर तो न बघताच म्हणाला शंभर टक्के काढून देतो, निम्मे पैसे आधी. काय करू? पैसे भरू का त्या लोकांना? की फॉरमॅट मारून मोकळी होऊ? अँटिव्हायरसच्या साइट्स पण उघडत नाहीयेत लॅपटॉपवर.

उंटावरचा_शहाणा

घाबरू नका, साधा व्हायरस आहे. चांगला अँटिव्हायरस टाकून फुल स्कॅन मारा, फाईल्स आपोआप पूर्ववत होतील. नाही झाल्या तर विंडोज फॉरमॅट करा आणि एखादं अनडिलीट सॉफ्टवेअर चालवा, सगळं परत येतं. मी केलंय एकदा.

रात्रपाळी

वरचा प्रतिसाद कृपया कोणी अमलात आणू नका. अँटिव्हायरस चोराला घराबाहेर काढतो, त्याने लावलेलं कुलूप उघडत नाही. आणि फॉरमॅट आत्ता तर अजिबातच नको, का ते पुढे सांगतो.

मधली_सुट्टी, तुम्ही जे वर्णन केलंय, खोटं विंडोज अपडेट, रीडमी, ९८०/४९० डॉलर, ७२ तास, क्रॅकमधून आलेलं, ते सगळं स्टॉप उर्फ डीजेव्हीयू नावाच्या रॅन्समवेअरशी (फाईल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) जुळतं. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून आयडी रॅन्समवेअर नावाच्या साइटवर ती रीडमी आणि एक बिघडलेली फाईल अपलोड करा, ते जात सांगतात. ही साइट मायकल गिलेस्पीने सुरू केली, याच माणसाने डीजेव्हीयूच्या डिक्रिप्टरवर, म्हणजे कुलूप उघडणाऱ्या टूलवर, काम केलंय. नो मोअर रॅन्समवर पण बघा, ते २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी मिळून चालू केलं, तिथली टूल्स फुकट असतात. टूल तिथूनच घ्या, किंवा थेट बनवणाऱ्याकडून. सर्चमध्ये वर येणाऱ्या कुठल्याही 'डीजेव्हीयू डिक्रिप्टर'ला हात लावू नका. २०२० मध्ये झोरॅब नावाचं एक रॅन्समवेअर डीजेव्हीयूचा डिक्रिप्टर असल्याचं सांगूनच पसरलं होतं, लोकांनी आशेने चालवलं आणि कुलपावर दुसरं कुलूप बसलं.

साइट्स उघडत नाहीत कारण ते विंडोजच्या होस्ट्स फाईलमध्ये (कुठल्या साइटसाठी कुठे जायचं त्याची यादी) सिक्युरिटीवाल्यांचे पत्ते घुसडून त्यांची वाट अडवतं. नेट खराब नाहीये तुमचं.

आता पैशाचं नंतर, आधी एकच गोष्ट बघून सांगा. लॅपटॉप नेटला न जोडता चालू करा, सी ड्राइव्हमध्ये सिस्टिमआयडी नावाचं फोल्डर असेल, त्यात पर्सनलआयडी नावाची टेक्स्ट फाईल. त्यात किती ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीची शेवटची दोन अक्षरं कुठली आहेत? आयडी इथे पूर्ण टाकायची गरज नाही, शेवटची दोन पुरे. दुसरी कुठलीही डिस्क किंवा पेनड्राइव्ह जोडू नका तोवर. ते स्वतःसाठी टाइम ट्रिगर टास्क नावाचं शेड्यूल्ड टास्क बनवून ठेवतं आणि थोड्या थोड्या वेळाने परत जागं होतं, तुमची एक्सटर्नल डिस्क तशीच गेली.

नाव_सुचलं_की_सांगते

फाईल्स राहू दे बाजूला पाच मिनिटं. बाई, आधी पासवर्ड बदला!! हे रॅन्समवेअर बऱ्याचदा एकटं येत नाही, सोबत अझोरल्ट, विडार, रेडलाइन असलं काहीतरी पासवर्ड चोरणारं घेऊन येतं. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेलं सगळं गेलं असंच समजा. मोबाइलवरून बदला, त्या लॅपटॉपवरून नाही, नाहीतर नवीन पण त्यांनाच मिळेल. सगळ्यात आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचं. आणि नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउटचं बटण असतं ते दाबा, कारण कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनची खूण) चोरली असेल तर ते पासवर्डशिवाय पण आत बसलेले असू शकतात.

मधली_सुट्टी

आयडी रॅन्समवेअरने तेच सांगितलं, स्टॉप डीजेव्हीयू.

पासवर्ड बदलले सगळे, थँक्यू गं, हे डोक्यातच आलं नव्हतं. ईमेलमध्ये एक अनोळखी लॉगिन दिसत होतं काल पहाटेचं. हात कापत होते माझे बदलताना.

रात्रपाळी, त्या फाईलमध्ये दोन ओळी आहेत. पहिलीच्या शेवटी कसलीतरी मोठी-छोटी अक्षरं. दुसरीच्या शेवटी छोटा टी आणि मग एक.

रात्रपाळी

दोन ओळी! आणि दुसरी टी१! तुम्ही घातलेला दुसरा घोळ कदाचित तुमच्या कामी आलाय.

सांगतो. हे चालू झालं की आधी आपल्या सर्व्हरला विचारतं, या कॉम्प्युटरसाठी किल्ली दे. सर्व्हरने दिली तर ती फक्त तुमच्यासाठी बनलेली, जगात इतर कोणाकडे नाही, तिला ऑनलाइन की म्हणतात. नेट नसेल किंवा सर्व्हर बंद असेल तर ते हात चोळत बसत नाही, स्वतःच्या पोटात एक किल्ली घेऊन फिरत असतं ती वापरतं. ती ऑफलाइन की, आणि ती त्या व्हेरियंटच्या, म्हणजे त्याच आवृत्तीच्या, सगळ्या बळींसाठी एकच असते. तिचा आयडी टी१ने संपतो. म्हणजे कुठेतरी कोणीतरी पैसे भरून किल्ली मिळवली आणि एम्सिसॉफ्टवाल्यांना (हा डिक्रिप्टर देणारी अँटिव्हायरस कंपनी) दिली की त्या व्हेरियंटच्या ऑफलाइनवाल्या सगळ्यांचं काम फुकटात होतं.

तुम्ही वायफाय बंद केलं आणि मग एक्सटर्नल डिस्क लावली. म्हणजे लॅपटॉपवरच्या फाईल्स ऑनलाइन कीने आणि डिस्कवरच्या ऑफलाइन कीने बंद झाल्या असाव्यात. हा माझा अंदाज, पण दोन आयडी तेच सांगतायत.

तर असं करा. लॅपटॉपमधली डिस्क काढून किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून सगळ्या बिघडलेल्या फाईल्स, रीडमी आणि ते सिस्टिमआयडीचं फोल्डर एका नव्या डिस्कवर कॉपी करा. ही प्रत तिजोरीत. पुढचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर. हे झालं की मग खुशाल विंडोज नव्याने टाका, आधी फॉरमॅट मारलं असतं तर हे सगळंच गेलं असतं, म्हणून नको म्हटलं. मग एम्सिसॉफ्टचा डीजेव्हीयू डिक्रिप्टर घेऊन, नेट चालू ठेवून (किल्ली तो त्यांच्या सर्व्हरकडून मागतो), आधी एक्सटर्नलवरच्या चार-पाच फाईल्सच्या प्रतीवर चालवा. प्रत्येक फाईलच्या शेवटी तिचा आयडी लिहिलेला असतो त्यामुळे कुठली किल्ली लागणार ते त्याचं तो ओळखतो, तुम्हाला काही भरायचं नाही.

जुने लेख वाचून 'मूळ फाईल आणि बिघडलेली फाईल अशी जोडी द्या म्हणजे किल्ली बनते' असं दिसेल, ते ऑगस्ट २०१९च्या आधीच्या व्हेरियंटांसाठी. नंतर त्यांनी आरएसए ही कुलूप लावायची पक्की पद्धत नीट वापरायला सुरुवात केली, तो रस्ता बंद.

उंटावरचा_शहाणा

पण सुपर कॉम्प्युटर लावून किल्ली तोडता येणार नाही का? आजकाल एआय पण आहे.

रात्रपाळी

नाही. २०४८ बिटची आरएसए की आहे. फाईल्स ज्या परत मिळाल्या त्या किल्ली तोडून नाही, किल्ली हाती लागून. टेस्लाक्रिप्ट नावाच्या दुसऱ्या रॅन्समवेअरवाल्यांनी २०१६ मध्ये दुकान बंद करताना स्वतःच मास्टर की देऊन टाकली, लॉकबिट टोळीवर २०२४ मध्ये धाड पडली तेव्हा एफबीआयकडे ७,००० च्या वर किल्ल्या आल्या. नाहीतर बनवणाऱ्याने चूक केलेली असली पाहिजे. वॉनाक्राय रॅन्समवेअरच्या वेळी, मे २०१७, विंडोजच्या मेमरीत त्या किल्लीचे मूळ आकडे उरून राहायचे, वॉनाकिवी नावाच्या टूलने ते उचलून फाईल्स उघडता यायच्या, पण अट अशी की मशीन रिस्टार्ट केलेलं नसावं आणि विंडोज जुनं. म्हणून सुरुवातीला रिस्टार्ट टाळा म्हणतात. इथे तो प्रश्न नाही, तुमच्या दोन रिस्टार्टने काही बिघडलेलं नाहीये.

खिळखिळा

मी यातून गेलोय म्हणून लिहितो, ऑनलाइन की होती माझी, डिक्रिप्टरने सरळ सांगितलं की अशक्य. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण मग कळलं की हे भामटे आळशी आहेत. म्हणजे त्यांना घाई असते, तुम्ही प्लग ओढायच्या आत सगळ्या फाईल्स उरकायच्या असतात, म्हणून हा प्राणी प्रत्येक फाईलचे फक्त पहिले साधारण १५० केबी कुलूपबंद करतो. बाकीची फाईल जशीच्या तशी पडलेली असते!

आता विचार करा, ८०० एमबीचा व्हिडिओ आहे, त्यातले १५० केबी गेले. काय गेलं? डोकं गेलं, धड शाबूत. प्लेयरला फक्त कुठून वाचायचं ते कळत नाही. डिस्कट्यूनरचं मीडिया रिपेअर म्हणून फुकट टूल आहे, त्याला त्याच फोनने किंवा कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून द्यायचा, तो त्यावरून नवीन डोकं बसवून देतो. एमपी४, एमओव्ही, एमपी३, वेव्ह चालतं. माझे बहुतेक व्हिडिओ आले, सुरुवातीचा किंचित तुकडा सोडून. नमुना मात्र खरंच त्याच फोनचा हवा, मी आधी नव्या फोनचा दिला तर नुसता हिरवा चिखल दिसत होता, जुना फोन कपाटातून काढून चार्ज करून त्याने भिंतीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढला तेव्हा कुठे जमलं.

झिप असतील तर शेपूट काढून सेव्हन झिपने उघडून बघा. झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते, त्यामुळे पहिली एखाद-दोन फाईल सोडून बाकी बाहेर येतात.

फोटोंचं जरा कठीण. जेपीजीचं डोकं गेलं की रंगांची आणि उलगडायची कोष्टकंच जातात, ती त्याच कॅमेऱ्याच्या दुसऱ्या फोटोतून उसनी घ्यावी लागतात, जेपेगमेडिक नावाचं टूल ते करतं. ४ एमबीचा फोटो असेल तर वरची एक पट्टी जाते, खालचं येतं, कधी रंग हलतात ते हाताने सावरावे लागतात. माझ्या एका ग्रुप फोटोत मागे उभे असलेल्या सगळ्या उंच लोकांची डोकी गेली, बसलेले सगळे छान आहेत. चॅटमधून आलेले छोटे फोटो, शंभर-सव्वाशे केबीचे, ते पूर्ण गेले, त्यांच्यामागे लागू नका, ज्यांनी पाठवले त्यांच्या फोनमध्ये असतील.

आणि वर्ड फाईल... लहान असली तर पूर्णच १५० केबीच्या आत येते. वाईट वाटतं सांगायला.

नाव_सुचलं_की_सांगते

प्रबंध क्लाउडवर कुठे सिंक होत होता का? कोणाला ईमेलने पाठवला होता का, गाइडला वगैरे? सेंट मेलमध्ये शोधा.

आणि सिंक असेल तर घाबरून 'तिथे पण बिघडलेल्याच फाईल्स आहेत' म्हणून सोडून देऊ नका. सिंक आज्ञाधारक असतं, बिघडलेलं पण निमूट वर चढवतं, पण जुनं लगेच फेकत नाही. गूगल ड्राइव्हमध्ये ट्रॅश बघा, नाव बदलल्यामुळे कधी मूळ फाईल डिलीट झाली असं समजून ती तिथे ३० दिवस पडून असते, नाहीतर फाईलवर राइट क्लिक करून जुन्या व्हर्जन्स. वनड्राइव्ह मायक्रोसॉफ्ट ३६५ सबस्क्रिप्शनवालं असेल तर अख्खं ड्राइव्ह मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या तारखेला नेता येतं. ब्राउझरमधून करा, दुसऱ्या मशीनवरून.

रात्रपाळी

+१. शिवाय कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड जपून ठेवा, नवीन फोटो काढू नका त्यावर. फोटोरेक नावाचं फुकट टूल आहे, कार्डवरून डिलीट केलेले जुने फोटो वर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर तो काढून देतो. लॅपटॉपच्या डिस्कवर मात्र फार अपेक्षा नको. डीजेव्हीयू नवी फाईल बनवून जुनी डिलीट करत नाही, त्याच फाईलवर लिहितं, म्हणजे अनडिलीट करायला काही उरतच नाही. त्यात एसएसडी असेल तर ट्रिम नावाच्या आपोआप साफसफाईमुळे डिलीट झालेलं तसंही पुसलं जातं. विंडोजच्या शॅडो कॉपीज (विंडोज आपणहून ठेवतं त्या जुन्या प्रती) पण ते सहसा उडवतं, तरी कधीकधी ॲडमिन परवानगी न मिळाल्याने ते जमत नाही, म्हणून नवं विंडोज टाकायच्या आधी शॅडो एक्सप्लोररने एकदा बघून घ्या.

त्या शंभर टक्केवाल्याबद्दल: ऑनलाइन की असेल तर त्याच्याकडेही किल्ली नाही. असले काही लोक गुपचूप खंडणी भरतात आणि वर आपलं कमिशन लावतात. खंडणी भरायची की नाही हा तुमचा निर्णय, मी भरणार नाही, कारण पैसे घेऊन गप्प बसले तर तक्रार कुठे करणार? आणि ७२ तासांच्या धमकीने धावू नका, त्यानंतर फाईल्स उडत नाहीत, फक्त सवलत जाते.

मधली_सुट्टी

उशिरा लिहितेय, आठवडा याच्यातच गेला.

शॅडो कॉपी काहीच नव्हत्या. नवी डिस्क आणून सगळं कॉपी केलं, लिनक्सचा पेनड्राइव्ह पुतण्याने बनवून दिला. मग धीर करून एक्सटर्नलवरच्या फाईल्सच्या प्रतीवर डिक्रिप्टर चालवला आणि पहिल्या दोन फोटोंना त्याने काहीच केलं नाही, ऑनलाइन आयडी आहे, शक्य नाही, असं लिहून आलं. मी लॅपटॉप बंदच करणार होते. मग लक्षात आलं की घाईत लॅपटॉपवरचंच फोल्डर निवडलंय. परत नीट निवडलं आणि खाली भराभर ओळी पळायला लागल्या, डिक्रिप्टेड, डिक्रिप्टेड. रडले मी अक्षरशः. त्या व्हेरियंटची ऑफलाइन की त्यांच्याकडे होती! पहिल्या आठ वर्षांचे फोटो त्या डिस्कवर होते, ते जवळजवळ सगळे आले, मी डिस्क मध्येच ओढून काढली तेव्हा लिहिली जात असलेली एक फाईल तेवढी बिघडली.

लॅपटॉपवरचे अलीकडचे तीन वर्षांचे मात्र ऑनलाइन कीने गेलेत. व्हिडिओ दुरुस्त होतायत, खिळखिळा म्हणतात तसंच, जुना फोन शोधावा लागला, अजून निम्मे बाकी आहेत, रोज रात्री थोडे करते. मेमरी कार्डवरून शे-दोनशे फोटो मिळाले, त्यात मी कधीच डिलीट केलेले धूसर फोटोच जास्त.

प्रबंधाचं सांगितलं शेवटी. तो दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला गाइडला दर महिन्याला मेल करायचो. पाचपैकी चार प्रकरणं मेलमध्ये सापडली. पाचव्याची फाईल मोठी होती, नकाशे टाकलेले होते आत, त्याचं काही होईल का?

खिळखिळा

डॉकएक्स म्हणजे आतून झिपच असते. प्रतीचं शेपूट काढा, डॉकएक्सच्या जागी झिप लिहा आणि सेव्हन झिपने उघडा. मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये नकाशे असतील, ते बहुतेक निघतील. मजकूर डॉक्युमेंट नावाच्या एक्सएमएल फाईलमध्ये असतो आणि तो बरेचदा सुरुवातीलाच बसतो, म्हणजे नेमका कुलपात. पण बघा तरी, वर्ड कुठल्या क्रमाने ठेवेल त्याचा नेम नाही.

मधली_सुट्टी

नकाशे आले, सगळे १४. मजकूर नाही आला. तो म्हणतोय नकाशे बघून परत लिहीन, तसंही ते प्रकरण गाइडला आवडलं नव्हतं.

रात्रपाळी

चला. ऑनलाइनवाल्या फाईल्स टाकू नका, रीडमी आणि पर्सनलआयडीसकट त्या नव्या डिस्कवर राहू देत, आणि ती डिस्क लॅपटॉपला जोडलेली ठेवू नका. दुरुस्त केलेले व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, मूळ बिघडलेल्यावर सेव्ह करू नका, उद्या किल्ली मिळाली तर पूर्ण फाईल त्या मुळातूनच निघेल.

उंटावरचा_शहाणा

मी म्हटलं होतं ना घाबरू नका.